प्रभारक्रमाचे संक्रमण प्रयोगशाळेत कसे ओळखावे: निओडिमियम-स्ट्रॉन्शियम मँगनाइटच्या निमित्ताने

एखाद्या ऑक्साइडची वडी थंड करत असताना तिचा विद्युतरोध एका ठरावीक तापमानाला झपाट्याने चढला, की आलेखाखाली ‘चार्ज ऑर्डरिंग’ (प्रभारक्रम, म्हणजे कमी-अधिक प्रभाराच्या आयनांनी ठरावीक जागा पकडून बसणे) असे लिहून मोकळे होण्याचा मोह पदव्युत्तर विद्यार्थ्यांना हमखास होतो. तो टाळावा कसा आणि तसे लिहिण्याचा अधिकार कोणत्या मोजमापांनी मिळतो, हे एका प्रत्यक्ष पदार्थाच्या आधारे सांगण्यासाठी हे मार्गदर्शन लिहिले आहे. द्रव नायट्रोजन, साधी भट्टी, एक चांगला तराजू आणि सूक्ष्म व्होल्टेज मोजणारे उपकरण असलेल्या कोणत्याही विद्यापीठीय प्रयोगशाळेत यातील बहुतेक काम होऊ शकते. ज्या दोन-तीन मोजमापांसाठी बाहेर जावे लागते, त्यांचा उल्लेख त्या त्या ठिकाणी केला आहे.

प्रथम प्रश्न नीट समजून घ्यावा. स्फटिकातील इलेक्ट्रॉन एकमेकांची फारशी दखल न घेता फिरतात असे मानले, तर अर्धवट भरलेल्या पट्ट्याचा पदार्थ धातूप्रमाणे वाहक असायला हवा. निकेल ऑक्साइड या हिशेबात बसत नाही, हे डी बोअर आणि फेरवे यांनी १९३७ साली दाखवून दिले, आणि इलेक्ट्रॉनांच्या परस्पर अपकर्षणामुळे वहन अडते ही समजूत पुढे मॉट यांनी मांडली. त्याच फेरवे यांनी १९३९ साली मॅग्नेटाइट या लोहाच्या ऑक्साइडचा रोध सुमारे १२० केल्विनला जवळजवळ शंभर पटींनी उडी घेतो, ते अधिक २ आणि अधिक ३ प्रभाराचे लोहआयन थंडीत ठरावीक जागा पकडून बसतात म्हणून, असे स्पष्टीकरण दिले. प्रभारक्रमाची कल्पना तिथून सुरू झाली. मॅग्नेटाइटमधील इलेक्ट्रॉन नेमके कसे बसतात हे मात्र २०१२ साली, अतिशय लहान स्फटिकावर क्ष-किरणांचे काम झाल्यावरच, पुरेसे स्पष्ट झाले, आणि ती रचना फेरवे यांच्या चित्रापेक्षा बरीच गुंतागुंतीची निघाली. रोधातील उडी दिसणे आणि प्रभारांचा क्रम सिद्ध होणे यांच्यात तिथे सात दशकांहून अधिक काळ गेला, ही गोष्ट नवख्या संशोधकाने कायम ध्यानात ठेवावी.

कोणता पदार्थ घ्यावा

सरावासाठी मी निओडिमियम आणि स्ट्रॉन्शियम निम्मे-निम्मे असलेले मँगनाइट, म्हणजे मँगनीजचे मिश्र ऑक्साइड, सुचवतो. त्याच्या एका सूत्रात निओडिमियम ०.५, स्ट्रॉन्शियम ०.५, मँगनीज १ आणि ऑक्सिजन ३ असतो. स्ट्रॉन्शियमच्या प्रत्येक अणूमागे एक मँगनीज अधिक ३ वरून अधिक ४ वर जातो, त्यामुळे दोन्ही प्रकारचे आयन सारख्याच संख्येने असतात. अधिक ३ च्या मँगनीजजवळ एक जादा इलेक्ट्रॉन असतो. तो शेजाऱ्याकडे उडी मारू शकला तर पदार्थ धातूसारखा वागतो आणि झेनर यांनी १९५१ साली सांगितलेल्या द्विविनिमयामुळे (उड्या मारणारा इलेक्ट्रॉन शेजारच्या आयनांची चुंबकीय आघूर्णे एका दिशेला आणतो, त्यामुळे) लोहचुंबकीयही होतो. तो इलेक्ट्रॉन जागेवर बसला, तर दोन्ही आयन बुद्धिबळाच्या पटावरील काळ्या-पांढऱ्या घरांप्रमाणे एकाआड एक मांडले जातात, इलेक्ट्रॉनांचे कक्षक विशिष्ट दिशांना वळतात, चुंबकीय आघूर्णे नागमोडी साखळ्यांत गुंफली जातात आणि पदार्थ विसंवाहक बनतो.

या पदार्थाच्या एकस्फटिकात साधारण २५५ केल्विनला लोहचुंबकत्व आणि धातूसारखे वहन सुरू होते, आणि साधारण १५८ केल्विनला प्रभारक्रम येऊन दोन्ही एकदम संपतात. ही दोन्ही तापमाने द्रव नायट्रोजनच्या ७७ केल्विनच्या पुष्कळ वर आहेत, ही मोठी सोय आहे. प्रेसिओडिमियम-कॅल्शियम मँगनाइटमध्ये प्रभारक्रम अधिक बळकट असतो आणि सुमारे २४५ केल्विनलाच येतो, परंतु ते त्याआधीही विसंवाहकच असते, त्यामुळे धातू ते विसंवाहक हा प्रवास तिथे पाहायला मिळत नाही. लँथॅनम-कॅल्शियमचे निम्मे-निम्मे मँगनाइट मोहक आहे, पण त्यात लोहचुंबकीय आणि प्रभारक्रमित भाग एकाच वडीत शेजारी शेजारी नांदतात आणि पहिल्याच प्रयत्नात अर्थ लावणे अवघड होते.

निवडलेल्या पदार्थाची एक कडक अट आहे. स्ट्रॉन्शियमचा अंश ०.५ च्या आसपासच्या अगदी अरुंद पट्ट्यातच हा प्रभारक्रम टिकतो. अंश ०.५५ कडे सरकला की थरांच्या रचनेचे प्रतिलोहचुंबकत्व (लगतच्या थरांची आघूर्णे परस्परविरुद्ध असण्याची स्थिती) येते आणि थरांच्या आत वहन चालूच राहते. म्हणून या पदार्थाच्या बाबतीत खरी कसोटी तराजूपाशीच सुरू होते.

वजन, भट्टी आणि ऑक्सिजन

पाच ग्रॅम पदार्थासाठी निओडिमियम ऑक्साइड १.९२१७ ग्रॅम, स्ट्रॉन्शियम कार्बोनेट १.६८६३ ग्रॅम आणि मँगनीजचा त्रिसंयुजी ऑक्साइड १.८०३३ ग्रॅम लागतो. या तिघांची बेरीज ५.४११३ ग्रॅम होते. त्यातून ०.५०२७ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि ०.०९१४ ग्रॅम ऑक्सिजन हवेतून आत येतो, तेव्हा हिशेब बरोबर पाच ग्रॅमवर मिळतो. ही शेवटची बाब अनेकांच्या नजरेतून सुटते. मँगनीजचा निम्मा भाग अधिक ३ वरून अधिक ४ वर जाण्यासाठी पदार्थाला भट्टीतील हवेतून ऑक्सिजन घ्यावाच लागतो, आणि तो पुरेसा मिळाला नाही तर तराजू कितीही अचूक असला तरी अधिक ३ आणि अधिक ४ यांचे प्रमाण निम्मे-निम्मे राहत नाही.

निओडिमियम ऑक्साइड हवेतील ओलावा आणि कार्बन डायऑक्साइड शोषून घेतो. बाटलीतून काढून थेट वजन केले आणि त्यात तीन टक्के ओलावा असला, तर निओडिमियम तितकाच कमी पडतो, स्ट्रॉन्शियमचा अंश ०.५० वरून सुमारे ०.५०८ वर सरकतो आणि मँगनीज प्रमाणाबाहेर उरतो तो वेगळाच. माझ्या विद्यार्थिदशेतील पहिल्या दोन वड्या याच कारणाने वाया गेल्या होत्या आणि क्ष-किरणांच्या आलेखात त्यांचा दोष जवळजवळ दिसत नव्हता. म्हणून हा ऑक्साइड आदल्या रात्री १००० अंश सेल्सिअसवर तापवून ठेवावा, गरम असतानाच डेसिकेटरमध्ये न्यावा आणि पुरेसा निवताच विनाविलंब वजन करावे. स्ट्रॉन्शियम कार्बोनेट २०० अंशांवर वाळवणे पुरेसे असते. मँगनीजसाठी बाटलीतला डायऑक्साइड सरळ वापरू नये, कारण त्यातील ऑक्सिजनचे प्रमाण क्वचितच लेबलाप्रमाणे असते. तो हवेत ७०० अंशांवर काही तास ठेवला की त्रिसंयुजी ऑक्साइड मिळतो, त्याचेच वजन घ्यावे.

तिन्ही पूड अकीकाच्या खलात, थोडे ॲसिटोन घालून, निदान तासभर घोटाव्यात. पहिली भाजणी १००० ते ११०० अंशांवर रात्रभर करावी, पुन्हा घोटावे, पुन्हा भाजावे आणि दोन-तीन फेऱ्यांनंतर वड्या दाबून १३०० ते १४०० अंशांवर सुमारे २४ तास सिंटर कराव्यात, म्हणजे कण एकमेकांना जुळेपर्यंत भाजाव्यात. वडी ॲल्युमिनाच्या मुशीच्या तळाला थेट टेकवू नये. त्याच पदार्थाची थोडी पूड खाली पसरून तिच्यावर ठेवावी, म्हणजे मुशीतील ॲल्युमिनियम वडीत शिरत नाही. शेवटची भाजणी वाहत्या ऑक्सिजनमध्ये करून भट्टी मिनिटाला एक-दोन अंशांपेक्षा जलद उतरू देऊ नये, कारण पदार्थ ऑक्सिजन परत घेतो तो मुख्यतः या संथ उतरणीत. या पदार्थाची सैद्धांतिक घनता दर घनसेंटिमीटरला सुमारे ६.४ ग्रॅम आहे. वडीची घनता तिच्या ९० टक्क्यांच्या खाली असल्यास कण नीट जुळलेले नाहीत असे समजावे. कण मुद्दाम अतिसूक्ष्म ठेवण्याची सध्याची आवड या कामात घातक ठरते, कारण निम्म्या भरणीच्या मँगनाइटांत नॅनो आकाराच्या कणांत प्रभारक्रम दुबळा होतो किंवा नाहीसा होतो.

यानंतर लगेच रोध मोजायला धावू नये. आधी आयोडोमितीने मँगनीजची सरासरी संयुजा काढावी. पद्धत जुनी आहे, स्वस्त आहे, आणि महागड्या उपकरणांनी सहज न मिळणारी माहिती ती देते. पदार्थाची ५० मिलिग्रॅम पूड पोटॅशियम आयोडाइडच्या द्रावणात घेऊन हायड्रोक्लोरिक आम्ल घालावे. सारा मँगनीज अधिक २ वर येतो आणि त्या प्रमाणात आयोडीन मोकळा होतो. तो ०.०२ नॉर्मल सोडियम थायोसल्फेटने मोजावा. सरासरी संयुजा नेमकी ३.५ असेल तर ५० मिलिग्रॅमला १७.१३ मिलिलिटर थायोसल्फेट लागले पाहिजे. सूत्रातील ऑक्सिजन ३ ऐवजी २.९९ असेल तर हे आकारमान सुमारे ०.२३ मिलिलिटरने कमी भरते, आणि तेवढा फरक साध्या ब्युरेटवरही वाचता येतो. आम्लधर्मी आयोडाइडमधून हवेतला ऑक्सिजनही आयोडीन सोडवतो, म्हणून फ्लास्कमध्ये नायट्रोजन किंवा कार्बन डायऑक्साइडचा मंद प्रवाह चालू ठेवावा, पूड न घालता एक कोरे अनुमापन करून ते वजा करावे, आणि स्टार्च अगदी शेवटी, द्रावण फिके पिवळे झाल्यावरच टाकावा. तीन अनुमापने ०.१ मिलिलिटरच्या आत जुळेपर्यंत पुढे जाऊ नये.

रोधाचे मोजमाप

वडीतून साधारण १० मिलिमीटर लांब, ३ मिलिमीटर रुंद आणि २ मिलिमीटर जाड पट्टी कापावी. तिच्यावर चार तारा सिल्व्हर पेस्टने जोडाव्यात: बाहेरच्या दोन प्रवाहासाठी, आतल्या दोन व्होल्टेजसाठी. दोन तारांनी मोजले तर जोडांचा रोध पदार्थाच्या रोधात मिसळतो, आणि १५८ केल्विनच्या वरच्या धातुसदृश भागात तोच पदार्थापेक्षा मोठा असू शकतो. आतील जोडांमधले अंतर ४ मिलिमीटर असेल आणि मोजलेला रोध ०.०५ ओहम असेल, तर रोधकता ०.००७५ ओहम-सेंटिमीटर येते. पेस्टचा ठिपका अर्धा मिलिमीटर रुंद असला की या आकड्यात दहा टक्क्यांहून अधिक चूक शिरते. त्यामुळे निरपेक्ष आकड्यावर फार विसंबू नये. संक्रमणाची तापमाने आणि वक्राचा आकार यांवर या चुकीचा परिणाम होत नाही.

एक मिलिॲम्पिअर प्रवाहाला ०.०५ ओहमवर ५० मायक्रोव्होल्ट मिळतात. तारांच्या दोन टोकांच्या तापमानातील फरकामुळे काही मायक्रोव्होल्टचे उष्माविद्युत व्होल्टेज सहज तयार होते. म्हणून प्रत्येक तापमानाला प्रवाह उलटसुलट करून दोन वाचने घ्यावीत आणि त्यांच्या फरकाचा निम्मा भाग खरा मानावा. खाली रोध वाढत गेला की प्रवाह दहा-वीस मायक्रोॲम्पिअरपर्यंत उतरवावा, नाहीतर पट्टी स्वतःच्याच उष्णतेने तापते आणि तापमापक जे सांगतो त्यापेक्षा ती गरम असते. हे तपासण्यासाठी एखाद्या तापमानाला थांबून प्रवाह दुप्पट करावा आणि व्होल्टेज दुप्पट होते का ते पाहावे. प्रभारक्रमित मँगनाइटांत प्रबळ विद्युतक्षेत्राने वहन खरोखरच अरेषीय होऊ शकते, पण तो निष्कर्ष काढण्यापूर्वी पट्टी तापलेली नाही याची खात्री पटलीच पाहिजे.

तापमापक म्हणून प्लॅटिनमचा शंभर ओहमचा सेन्सर पुरतो. तो पट्टीपासून दूर, नळीच्या टोकाला न लावता, पट्टी ज्या तांब्याच्या ठोकळ्यावर बसवली आहे त्याच ठोकळ्यात, पट्टीच्या अगदी खाली बसवावा. पट्टी आणि तांबे यांच्यामध्ये सिगारेटच्या कागदाएवढा पातळ कागद व्हॅक्यूम ग्रीसने चिकटवला की विद्युतदृष्ट्या ती अलग राहते आणि उष्णता मात्र जाते. द्रव नायट्रोजनच्या एका लिटरपासून खोलीच्या तापमानाला जवळजवळ ७०० लिटर वायू तयार होतो. म्हणून बंद खोलीत एकट्याने हे काम करू नये आणि ड्युअरचे (द्रव नायट्रोजनच्या उष्णतारोधक भांड्याचे) तोंड कधीही घट्ट बुचाने बंद करू नये.

खोलीच्या तापमानापासून ८० केल्विनपर्यंत मिनिटाला एक केल्विनपेक्षा जलद न जाता उतरावे, आणि त्याच वेगाने परत चढावे. केवळ उतरतानाचे किंवा केवळ चढतानाचे वाचन घेणे ही या प्रयोगातील सर्वांत महाग पडणारी काटकसर आहे. प्रभारक्रमाचे संक्रमण पहिल्या प्रकारचे असते, त्यात शैथिल्य असते, म्हणजे उतरताना ते खालच्या तापमानाला येते आणि चढताना वरच्या तापमानाला विरते. दोन वक्र वेगळे दिसले म्हणून लगेच समाधान मानू नये, कारण सेन्सर आणि पट्टी यांच्या तापमानात तफावत असली तरी वक्र असेच वेगळे दिसतात. सगळा फेरा मिनिटाला अर्ध्या केल्विनच्या वेगाने पुन्हा करावा. वक्रांमधील अंतर वेगाच्या प्रमाणात निम्मे झाले तर तो उपकरणाचा दोष होता, आणि अंतर जवळजवळ तेवढेच राहिले तर ते पदार्थाचे शैथिल्य आहे.

आलेख कसा वाचावा

सर्वप्रथम वक्राची दिशा पाहावी. लँथॅनम-कॅल्शियमच्या ७०:३० मँगनाइटमध्ये सुमारे २५० केल्विनला रोधाचे शिखर येते आणि त्याखाली तो कोसळतो. तिथे थंडीत पदार्थ धातुसदृश होतो आणि त्याचे कारण लोहचुंबकत्व असते. आपल्या पदार्थातही २५५ केल्विनजवळ तसाच बदल दिसतो, पण १५८ केल्विनजवळ दिशा उलटते आणि रोध पुन्हा वर चढतो. या दोन संक्रमणांची सरमिसळ झालेले अहवाल मी वारंवार पाहिले आहेत. रोधाच्या शिखराला ‘धातू-विसंवाहक संक्रमण’ म्हणायला हरकत नाही, पण त्या शिखराला प्रभारक्रमाचे तापमान म्हणणे ही चूक आहे.

बहुस्फटिकी वडीत १५८ केल्विनची उडी एकस्फटिकातल्याप्रमाणे उभी नसते. कणांच्या सीमा स्वतःचा रोध भरतात, प्रत्येक कणात ताण वेगळा असतो, ऑक्सिजन किंचित वेगळा असतो, आणि उडी दहा-वीस केल्विनवर पसरून नुसत्या चढासारखी दिसते. अशा वेळी रोधकतेच्या नैसर्गिक लॉगॅरिथमचे तापमानाच्या व्यस्तांकाच्या सापेक्ष विकलन करून त्याचा तापमानाच्या सापेक्ष आलेख काढावा. चढ सुरू होण्याचा बिंदू डोळ्यांनी ठरवण्यापेक्षा या विकलनाचे शिखर कितीतरी अधिक विश्वसनीय असते. विकलन काढण्यापूर्वी वाचने एक-एक केल्विनच्या गटांत सरासरी करून घ्यावीत. आलेख सुबक दिसावा म्हणून दहा-दहा केल्विनवर गुळगुळीत केला, तर संक्रमणच पुसले जाते.

खालच्या भागासाठी विद्यार्थी तीन सूत्रे लावून पाहतात: साधे सक्रियण, लहान पोलॅरॉनची (भोवतालच्या जालकात विकृती घडवून तिच्यासह सरकणाऱ्या इलेक्ट्रॉनाची) उडी आणि मॉट यांचे बदलत्या पल्ल्याचे उड्डाण. पहिल्या दोहोंत लॉगॅरिथम तापमानाच्या व्यस्तांकाशी बांधलेला असतो, तिसऱ्यात त्या व्यस्तांकाच्या चतुर्थमुळाशी. ७७ ते १५८ केल्विन या टप्प्यात ते चतुर्थमूळ फक्त ०.३३८ वरून ०.२८२ वर येते. एवढ्या आखूड टप्प्यात तिन्ही आलेख जवळजवळ सरळ रेषा देतात. त्यांपैकी एकाचा सहसंबंध गुणांक ०.९९९ आला म्हणून वहनाची यंत्रणा ठरली असे लिहू नये. चार केल्विनपर्यंत उतरण्याची सोय नसेल, तर सक्रियण ऊर्जा सांगून थांबणे अधिक प्रामाणिक ठरते.

आता मूळ प्रश्नाकडे यावे. रोधाची उडी, शैथिल्य आणि रचनेतील बदल हे सारे एकत्र दिसले तरी तो प्रभारक्रमच असतो असे नाही. व्हॅनेडियम डायऑक्साइड सुमारे ३४० केल्विनला, म्हणजे ६८ अंश सेल्सिअसला, धातूतून विसंवाहक होतो. त्याच्या चांगल्या स्फटिकात रोध दहा हजार पटींहून अधिक बदलतो, शैथिल्य असते आणि स्फटिकाची रचनाही बदलते. पण तिथे व्हॅनेडियमचे अणू जोड्या जुळवतात. कमी-अधिक प्रभाराच्या आयनांची एकाआड एक मांडणी तिथे होत नाही, सर्व व्हॅनेडियम अधिक ४ च राहतात. रोधमापक या दोन घटनांत भेद करू शकत नाही. भेद करण्यासाठी चुंबकत्व आणि जालक यांना विचारावे लागते, आणि तेही त्याच वडीच्या तुकड्याला.

चुंबकत्व, जालक आणि न्यूट्रॉन

एसी संवेद्यता (प्रत्यावर्ती चुंबकक्षेत्राला पदार्थ किती प्रतिसाद देतो ते) मोजण्याची कुंडले प्रयोगशाळेतच गुंडाळता येतात. एक प्राथमिक कुंडल, त्याच्या आत परस्परविरुद्ध दिशांनी गुंडाळलेली दोन दुय्यम कुंडले आणि ठरावीक वारंवारतेचा क्षीण संकेत वेगळा काढणारा एक लॉक-इन ॲम्प्लिफायर एवढ्यावर काम भागते. २५५ केल्विनजवळ संकेत झपाट्याने वर जातो. प्रभारक्रम खरोखर येत असेल, तर विकलनाचे शिखर जिथे सापडले त्याच तापमानाजवळ हा संकेत खाली कोसळला पाहिजे, आणि उतरताना-चढतानाचे अंतर रोधातील शैथिल्याशी जुळले पाहिजे. इलेक्ट्रॉन जागेवर बसले की द्विविनिमय थांबतो, म्हणून वहन आणि लोहचुंबकत्व हातात हात घालून जातात. रोध चढतो पण चुंबकन जसेच्या तसे राहते अशी स्थिती असल्यास कणसीमांवर संशय घ्यावा. चुंबकन पूर्ण कोसळत नाही, काही भाग उरतो, असे दिसल्यास वडीचा काही अंश लोहचुंबकीयच राहिला आहे, आणि आयोडोमितीचा आकडा पुन्हा पाहण्याची ती वेळ असते.

क्ष-किरणांच्या साध्या उपकरणात प्रभारक्रमाच्या अधिजालकाच्या रेषा दिसण्याची अपेक्षा ठेवू नये, कारण त्या अतिशय क्षीण असतात. त्या प्रथम इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकातील विवर्तनात शोधाव्यात. तिथे मुख्य ठिपक्यांच्या मधोमध नवे फिके ठिपके उमटतात, कारण नव्या मांडणीत एकक कोष एका दिशेने दुप्पट झालेला असतो. साध्या उपकरणाला थंड करण्याची सोय असेल, तर मात्र त्याच्याकडून दुसरी चांगली साक्ष मिळते. बसलेल्या इलेक्ट्रॉनांचे कक्षक एका प्रतलात आडवे होतात, त्यामुळे जालक त्या प्रतलात पसरते आणि त्याला लंब असलेला लांब अक्ष आखडतो. मुख्य रेषांचे फुटणे आणि सरकणे १५८ केल्विनच्या आसपास कसे होते, हे पाच-पाच केल्विनच्या पावलांनी नोंदवावे. अहवाल लिहिताना भाषा जपून वापरावी. ‘अधिक ३’ आणि ‘अधिक ४’ ही नावे हिशेबासाठी सोयीची आहेत, पण अनुनादी क्ष-किरणांच्या कामातून दोन जागांवरील प्रभारांतील खरा फरक पूर्ण एका इलेक्ट्रॉनपेक्षा पुष्कळ कमी असल्याचे दिसते. जालकातील विकृती आणि कक्षकांचा क्रम यांचा वाटा प्रभाराइतकाच मोठा असतो.

ज्यांच्याकडे प्रबळ चुंबकक्षेत्र उपलब्ध आहे त्यांनी एक चाचणी अवश्य करावी. सुमारे ७ टेस्लाचे क्षेत्र लावून पट्टी थंड केली, तर या पदार्थातील प्रभारक्रम वितळतो आणि रोध खाली धातुसदृशच राहतो. क्षेत्र मँगनीजची आघूर्णे एका दिशेला वळवते, द्विविनिमय पुन्हा सुरू होतो आणि इलेक्ट्रॉनांना जागेवर बसणे महाग पडते. प्रेसिओडिमियम-कॅल्शियमच्या निम्म्या-निम्म्या मँगनाइटला यासाठी सुमारे २७ टेस्ला लागतात, म्हणूनही सरावाला मी हा पदार्थ सुचवला. क्षेत्र स्थिर ठेवून तापमान बदलणे आणि तापमान स्थिर ठेवून क्षेत्र बदलणे या दोन वाटांनी वेगवेगळे आकडे येतात, कारण खालच्या तापमानाला शैथिल्य फार रुंद होते. आकड्यासोबत वाटही नोंदवावी.

नागमोडी चुंबकीय साखळ्यांचा थेट पुरावा फक्त न्यूट्रॉनांकडून मिळतो. वोलन आणि कोलर यांनी १९५५ साली लँथॅनम-कॅल्शियम मँगनाइटांवर न्यूट्रॉन विवर्तन करूनच ही रचना प्रथम ओळखली, आणि त्याच वर्षी गुडइनफ यांनी तिच्यामागे प्रभार व कक्षक यांचा क्रम असल्याचे मांडले. आपल्याकडे मुंबईत ट्रॉम्बे येथील ध्रुव अणुभट्टीच्या न्यूट्रॉन झोतांवर विद्यापीठांतील संशोधकांना असे काम करता येते. त्यासाठी प्रस्ताव लिहिताना रोध, संवेद्यता आणि आयोडोमिती यांचे आकडे जोडावेत, आणि कोणत्या तीन-चार तापमानांना मोजायचे हे त्यांवरून ठरवून द्यावे: एक २५५ केल्विनच्या वर, एक धातुसदृश खिडकीत साधारण २०० केल्विनला, आणि निदान एक १५८ केल्विनच्या पुष्कळ खाली. तिसऱ्या मोजमापात लहान कोनांना ज्या नव्या रेषा दिसतात आणि दुसऱ्यात नसतात, त्याच चुंबकीय क्रमाच्या रेषा होत. न्यूट्रॉनांसाठी पूड व्हॅनेडियमच्या नळीत भरतात, कारण व्हॅनेडियम स्वतःच्या रेषा जवळजवळ देत नाही. तिथे काही ग्रॅम पूड एकाच घाण्याची (एका वेळी मिळून भाजलेली) लागते, आणि रोधाच्या पट्ट्या, संवेद्यतेचा तुकडा व अनुमापनाची पूड वजा जाता पाच ग्रॅमच्या घाण्यातून तेवढी उरत नाही. वेगवेगळ्या दोन घाण्यांची पूड एकत्र करून नळी भरू नये, दोहोंचा ऑक्सिजन सारखा असल्याची खात्री नसते. न्यूट्रॉनांपर्यंत जाण्याचा विचार असेल, तर वर दिलेली तिन्ही वजने पहिल्याच दिवशी तिपटीने घ्यावीत.